ताईची हाक

१२ जानेवारी

मावशे,

कशी आहेस? फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसतो आणि तुला शेवटी ऐकू काहीच येत नाही, तू आपली "जेवलीस का?" एवढंच विचारून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाहीच.

माझ्या जबड्याचं ऑपरेशन ठरतंय.

घाबरू नकोस, रोगबिग काही नाही. माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आहे, हे तुला मी काय सांगणार! पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. सफरचंद खायचं तर मान वाकडी करून दाढेने तोडावं लागतं. वर्षभर दातांना तारा लावल्या त्या याच्यासाठीच, तुला मी नुसतं "दात सरळ करतेय" म्हणून गुंडाळलं होतं. आता डॉक्टर खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवणार आणि बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवणार. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर व्रणसुद्धा नाही.

खरं सांगू? दात हे निमित्त. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते. समोर आरसा, बाजूला आरसा, गिऱ्हाइकाच्या हातात आणखी एक आरसा. त्यांच्या नाकावर फ्रेम बसवताना मला माझीच हनुवटी चहूबाजूंनी दिसते. गेल्या आठवड्यात एक छोटी पोरगी तिच्या आईला म्हणाली, "ही ताई पुस्तकातल्या चंद्रासारखी आहे ना, अर्ध्या?" आईने तिला चिमटा काढला. मी हसले, फ्रेम पुसली, बिल केलं. घरी येऊन मात्र खूप रडले.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला बरं वाटत असेल तर कर," आणि पेपर वाचायला लागले. पेपर उलटा होता.

ऑपरेशननंतर काही आठवडे तोंड रबरांनी बांधून ठेवतात, बोलता येत नाही. म्हणजे एक बहिरी आणि एक मुकी, आपलं मस्त जमेल. येशील ना?

तुझी
ठमी

---

२१ जानेवारी

ठमे,

पत्र वाचलं आणि हातातलं शर्टाचं काज तसंच राहिलं. दुकानातले मास्तर शिलाई मशीन सोडून आले आणि खुणेने विचारलं, कोण गेलं? मी मान हलवली, कुणी नाही. पण कुणीतरी गेल्यासारखंच वाटलं बघ.

ती हनुवटी तुझ्या एकटीची आहे का गं? ती ताईची आहे. तुझ्या आईला ती आमच्या वडिलांकडून मिळाली. मला मिळाली आमच्या आईची, म्हणजे मिळालीच नाही. माझा चेहरा ओठाखाली संपतो आणि लगेच गळा सुरू होतो. ताई म्हणायची, "माझ्याकडे चुकून तुझीही आलीय, हवी तर अर्धी घे." ती रागावली की ती हनुवटी अशी पुढे यायची, की घरात सगळे चिडीचूप. आणि तू ती कापून मागे ढकलायची म्हणतेस!

आणि श्वासाचं काय? जबडा मागे ढकलायचा तर मागे गळाच आहे ना? तिथे काय मैदान पडलंय का? विचार त्या डॉक्टरांना.

मी येईन की नाही सांगत नाही. शाळांचे गणवेश सुरू आहेत, शर्टांचे ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेत. शिवाय मला ती हनुवटी जाताना बघवणार नाही. मी ती रोज बघते. सवय झाली आहे.

नीट जेवत जा. फोटोत हडकुळी दिसतेस.

मावशी

---

१६ फेब्रुवारी

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडले असते. आता राग थोडा उतरलाय, तरी भांडणार आहेच.

"ती ताईची आहे." जन्मापासून हेच ऐकतेय मी. आत्या आली की माझ्या हनुवटीला हात लावते आणि डोळे पुसते. बाबा मला समोरून बघतात, बाजूने बघत नाहीत. मी मान वळवली की त्यांना काहीतरी काम आठवतं. सगळ्यांना माझ्या तोंडावर आई दिसते, मलाच तेवढी दिसत नाही! मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा ती गेली. मला तिचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाही, काही म्हणजे काही नाही. तू तिचा फोटो भिंतीवर लावून रोज बघतेस. तुला निदान आठवायला खूप काही आहे. मला आई म्हणजे दुसऱ्यांचे ओले डोळे. लोकांनी माझ्याकडे बघावं आणि त्यांना मी दिसावी, एवढंच हवंय. जास्त मागतेय का मी?

असो. तुझा श्वासाचा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, आज तेच बोलायचं होतं. त्यांनी माझ्या डोक्याचा बाजूने काढलेला फोटो पडद्यावर लावला आणि पेनने दाखवलं. जीभ खालच्या जबड्याला आतून धरलेली असते. जबडा मागे गेला की जीभही मागे जाते, आणि जिभेच्या मागूनच श्वासाची वाट जाते, ती अरुंद होते. जागेपणी काही वाटत नाही. झोपेत सगळं सैल पडलं की वाट मिटू शकते. ज्यांचा जबडा नुसताच फार मागे नेतात त्यांतले काहीजण नंतर घोरायला लागतात, काहींचा श्वास झोपेत अडकतो. म्हणून ते माझा खालचा जबडा थोडासाच मागे नेणार आणि वरचा थोडा पुढे आणणार. वरचा पुढे आला की टाळूही पुढे येतो आणि तिथली जागा वाढते. ऑपरेशन मोठं होईल, पण वाट मोकळी राहील. तर तुझं म्हणणं बरोबर होतं. खूश?

त्यांनी विचारलंय, घरात कुणी मोठ्याने घोरतं का, झोपेत कुणाचा श्वास थांबायचा का. बाबा म्हणतात त्यांना आठवत नाही. आई कशी झोपायची गं? तुम्ही दोघी एका अंथरुणात झोपायचात ना?

ठमी

---

२४ फेब्रुवारी

ठमे, बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं आहे तुझं. आम्ही सगळ्यांनी तुझा चेहरा म्हणजे ताईला भेटायची जागा करून टाकली, आणि त्या चेहऱ्यामागे एक मुलगी उभी आहे हे विसरलो. कर ऑपरेशन. खुशाल कर. गणवेशांमुळे मला येता यायचं नाही, पण मनातून आता काही किंतु नाही.

आता डॉक्टरांचं. ताई झोपायची ती मांजरीसारखी. श्वासाचा आवाजच नाही! मला कितीदा भीती वाटायची, मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायचे. घोरायचे ती मी. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं, पण स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येतं? ताई म्हणायची, "तू घोरतेस त्याचं काही नाही गं, मध्येच थांबतेस ना, त्याची भीती वाटते." मग ती मला गदागदा हलवायची. "ऊठ गं, ऊठ!" मी लाथा मारायचे. ती लग्न होऊन गेली तेव्हा मला वाटलं, सुटले बाई, आता सुखाने झोपेन.

आणि भिंतीवर फोटो नाही माझ्या. रोज बघते म्हणाले ते ताईलाच. ती माझ्या स्वप्नात येते. रोज, कधी कधी दोन-तीनदासुद्धा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, लोक वेड्यात काढतील. मी कुठेतरी खोल पाण्यात असते, वर यायला जमत नाही. आणि ती वरून वाकून हाक मारते, "ऊठ गं, ऊठ." मला ऐकू येतं, ठमे! स्वच्छ ऐकू येतं! मास्तरांचं मशीन, रस्त्यावरचे भोंगे, तुझा फोन, आता काही काही पोचत नाही. कानात यंत्र घातलं तर नुसती शिट्टी वाजते. पण ताईचा आवाज येतो, तिच्या त्या घोगऱ्या सुरासकट. मी धडपडून उठून बसते, अंग घामाने ओलं, छातीत धडधड, आणि मन मात्र काठोकाठ भरलेलं.

दिवसा मग डोळे मिटतात. परवा काज करता करता डुलकी लागली आणि सुई बोटात आरपार गेली. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान शेजारच्याच बोटात! मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "कापडाला काज करा, बोटाला नको." सकाळी डोकंही जड असतं. वय झालं, दुसरं काय.

तुझ्या स्वप्नात ती कधीच येत नाही का गं?

मावशी

---

३ एप्रिल

मावशे,

अक्षराकडे बघू नकोस, उशांना टेकून लिहितेय. झालं ऑपरेशन. तोंड रबरांनी घट्ट बांधलंय. सगळं पातळ करून गालाच्या कडेने आत सोडायचं. खालचा ओठ बधिर आहे, सूप गळ्यावर सांडतं तेव्हा कळतं की सांडलं. चेहरा भोपळ्याएवढा. हनुवटी कुठे गेली ते सूज उतरल्यावर कळेल. बाबा पाटी घेऊन बसतात आणि विसरून स्वतःही पाटीवर लिहितात. मी लिहिलं, "बाबा, मी मुकी आहे, तुम्ही नाही." ते खूप दिवसांनी हसले.

आता महत्त्वाचं. नीट वाच, मध्ये झोपू नकोस.

घरी आले त्या पहिल्या काही दिवसांत नाक चोंदलेलं होतं, आत सूज होती. झोप लागली की गळ्यावर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. आणि मावशे, मला कुणीतरी हाक मारली. चेहरा दिसला नाही. मानेखाली एक हात आला, तिने मला वर उचललं आणि म्हणाली, "ऊठ गं." मी जागी झाले तेव्हा हुंदके देत होते, आणि तोंड बांधलेलं, हुंदकाही बाहेर येईना. ती आई होती की तुझ्या पत्रातून माझ्या डोक्यात शिरलेली कुणी, मला माहीत नाही. पण तो हात मला अजून मानेखाली जाणवतो. नंतर आणखी दोनदा आली. मग आतली सूज उतरली आणि ती यायची थांबली. मी उशा काढून टाकून सपाट झोपून बघितलं, मुद्दाम. नाही आली.

डॉक्टरांना पाटीवर लिहून सांगितलं. उशा काढल्या म्हणून आधी ओरडा खाल्ला. मग ते म्हणाले, झोपेत श्वास कमी पडला की मेंदूच माणसाला जागं करतो. कुणी बुडत असतं, कुणाच्या छातीवर दगड असतो, कुणाला हाक ऐकू येते. मला तुझं स्वप्न आठवलं. मी तुझ्याबद्दल सगळं लिहिलं, पाणी, घाम, सकाळचं डोकं, सुई. त्यांनी विचारलं, मावशीची हनुवटी कशी आहे? मी पाटीवर तुझा चेहरा बाजूने काढून दाखवला. ते हसलेबिसले नाहीत. म्हणाले, एवढ्या लहान जबड्यामागे वाट आधीच अरुंद असते. त्यांची झोपेची तपासणी करून घ्या, लांबवू नका. रात्रभर श्वास थांबत राहिला तर हृदयावर ताण येतो, आणि एखाद्या दिवशी जाग येत नाही.

तू एकटी राहतेस. तुला ऐकू येत नाही. तुझा श्वास थांबतो हे तुला सांगणारं कुणी नाही. तपासणी कर ना गं. माझ्यासाठी.

ठमी

---

११ एप्रिल

ठमे,

ऑपरेशन नीट पार पडलं, जीव भांड्यात पडला. हळद वगैरे काही घालू नकोस कशात, डॉक्टर सांगतील तेवढंच कर.

बाकी तुझ्या डॉक्टरांना सांग, माझ्या ताईला मेंदू म्हणू नका. माझी बहीण मला भेटायला येते आणि तुम्ही त्याला रोग ठरवता! कान गेले ते कमी झालं का? माझ्याकडे ऐकायला उरलेली ती एकच गोष्ट आहे. तपासणी करायची, मग ते औषध देणार, मग ती जाणार. नको. मी मजेत आहे.

मावशी

---

२ मे

मावशी,

मजेत आहेस? मला मास्तरांचं कार्ड आलंय. तूच त्यांच्याकडे माझा पत्ता देऊन ठेवला होतास ना, काही झालं तर म्हणून. त्यांनी लिहिलंय, "तुमच्या मावशी इस्त्री करताना उभ्या उभ्या झोपल्या. गिऱ्हाइकाचा कोट जळला, त्याचं काही नाही. त्यांच्या बाहीने पेट घेतला होता. मी शेजारी होतो म्हणून. माझं त्या ऐकत नाहीत, म्हणजे ऐकू येत नाही म्हणून नव्हे."

हे तू मला लिहिलं नाहीस.

तुझ्याशी वाद घालत नाही. आई येते, बरं, येते. ती मेंदू नाही, आईच आहे. मग ती काय म्हणते तेवढं तरी ऐक! ती गाणं म्हणत नाही, गप्पा मारत नाही, शेजारी बसत नाही. रोज धावत येते आणि म्हणते, ऊठ. लहानपणी तुझा श्वास थांबला की म्हणायची तेच. तिला तुझी भीती वाटते गं. आणि तू तिला तिथेच ताटकळत ठेवलंयस, ती परत परत यावी म्हणून.

आई गेली तेव्हा मला रडायचं कळत नव्हतं. आता कळतं. तुझ्यासाठी रडायची माझी तयारी नाही.

ठमी

---

१९ जून

ठमे,

त्या पत्रावर मी तुझ्याशी जन्माचा अबोला धरणार होते. धरलाही होता. मग मास्तरांनी दुकान बंद केलं आणि स्वतः मला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन बसवलं. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवलं. सकाळी तपासणारी मुलगी मला कागदावर लिहून दाखवत होती आणि तिचाच चेहरा उतरला होता. रात्रभर इतक्यांदा श्वास थांबला की मी म्हटलं, बाई, आकडा सांगू नकोस, कळलं.

त्यांनी झोपताना लावायचं यंत्र दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, हत्तीच्या पिलासारखी दिसते मी. ते हवा आत ढकलत राहतं आणि वाट मिटू देत नाही. तुला आनंद होईल म्हणून सांगते, पहिल्याच सकाळी डोकं हलकं होतं. दिवसभर डुलकी नाही. एकही काज उसवावं लागलं नाही.

आणि ताई आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुखवटा उशीखाली ठेवला. ती आली. मग मी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं, मुखवटा टोचतो, गुदमरतं, मला जमत नाही. टोचतबिचत काही नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांनी वेगवेगळे मुखवटे देऊन बघितले. मी प्रत्येकाला नाक मुरडलं. शेवटी त्या म्हणाल्या, मग तुमच्यासाठी ऑपरेशन हा चांगला मार्ग आहे. तुमचे दोन्ही जबडे पुढे आणू. जीभ, टाळू, सगळं पुढे ओढलं जाईल आणि मागची वाट कायमची रुंद होईल.

कायमची, ठमे. मुखवटा काढून ठेवता येतो. जबडा काढून उशीखाली ठेवता येत नाही. माझ्या खोटेपणानेच मी इथवर आले, आणि आता पुढे पाय टाकवत नाही. तुला ती दोन-तीनदाच भेटली आणि तू उशा काढून तिची वाट बघितलीस. मग मी काय करू सांग.

मावशी

---

२७ जून

मावशे,

त्या डॉक्टरीणबाईंना मुखवट्याचं खरं सांगून टाक. तो लावायचा की ऑपरेशन करायचं, ते मग त्यांच्याशी बोलून ठरव. मी काही सांगणार नाही. तो मुखवटा तू रोज काढून ठेवशील, हे मला ठाऊक आहे. मीही ठेवला असता.

फक्त एवढंच. मला ती पुन्हा भेटावी असं रोज वाटतं. झोपताना मी मान जरा उचलून ठेवते, हात ठेवायला जागा असावी म्हणून. पण तिच्या ओढीने तू जर गेलीस, तर मग तिच्याबद्दल मला सांगणारं कुणी उरणार नाही. ती मांजरीसारखी झोपायची हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आई कशी होती हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, सगळे नुसते रडायचे.

मला ती अजून खूप ऐकायची आहे. तुझ्याकडून.

ठमी

---

९ जुलै

ठमे,

खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा महिनाभर लावून बघा. मी म्हटलं, मी मला ओळखते, काढून ठेवीन. मग पुष्कळ बोलणं झालं आणि ऑपरेशनची पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

मावशी

---

३० ऑगस्ट

मावशे,

सुखरूप पोचले. रजा वाढवून मिळाली नाही. तुला वॉर्डात सोडून निघताना जिन्यावर बसून रडले, ते तुला कळू दिलं नाही, आता सांगते.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी आले त्या दिवशी तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस, बाजूने दिसत होतीस. सुजलेली, बांधलेली, पण हनुवटी पुढे आलेली. मी दारातच थबकले. बाबांच्या कपाटात आईचा एक फोटो आहे, ती अशीच खिडकीशी बसलेली आहे. एक क्षण मला वाटलं, ही तीच. मग तू वळलीस आणि पाटीवर लिहिलंस, "एवढ्या लांबून आलीस, जेवलीस का?" तेव्हा कळलं की तूच.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, घरातली हनुवटी घरातच राहिली म्हणायची. आणि मग माझ्याकडे बघत राहिले, बाजूने. "तू आता तुझ्यासारखी दिसतेस," म्हणाले. मी याचसाठी सगळं केलं होतं ना? पण ऐकल्यावर मी उठून चहा ठेवायला गेले. दुकानातल्या आरशात आता मी कुणालाच शोधत नाही, पण कधी कधी वाटतं, ती अर्ध्या चंद्राची मुलगी कुठे गेली?

तुझी सूज उतरली का? ती येते का अजून?

ठमी

---

४ ऑक्टोबर

ठमे, माझ्या बाळा,

रबरं सुटली. पातळच खाते अजून, पण तोंड उघडतं. मास्तर म्हणतात मी दुसरीच कुणी दिसते. म्हणतात म्हणजे पाटीवर लिहितात. दुकानात दिवसभर जागी असते. बोटांना एक टोचा नाही. इस्त्री मात्र ते अजून मला देत नाहीत.

तू विचारलंस म्हणून सांगते. हॉस्पिटलात असताना ती यायची. आतून सूज होती ना, तुझ्यासारखीच. मग यायची ती कमी झाली. एक दिवस आली तेव्हा पाणी नव्हतंच, मी नुसती अंथरुणात पडले होते आणि ती दाराशी उभी होती. "ऊठ" म्हणाली, पण हळू, घाई नसल्यासारखी. ती शेवटची.

त्यानंतर नाही. मी खूप रडले, ठमे. भर दिवसा काज करताना रडले, शर्ट भिजला. तुझा रागही आला. वाटलं, या पोरीने माझी बहीण नेली. मग तुझं जूनमधलं पत्र काढून वाचलं, आणि राग गेला. रडू नाही गेलं.

आता मी सलग झोपते. पाठ टेकली की थेट उन्हं तोंडावर येईपर्यंत. एवढं झोपणं मला माहीतच नव्हतं. श्वास आत जातो तो कुठे अडत नाही, सरळ पोटापर्यंत पोचतो. सगळं छान आहे. फक्त सकाळी डोळे उघडतात तेव्हा मी तशीच पडून राहते. कुणी उठवलेलंच नसतं. इतकी वर्षं मला कुणीतरी उठवत होतं गं. आता मी आपली आपण जागी होते, आणि खोलीत कुणी नसतं.

तुझ्या दुकानाला सुट्टी लागली की ये. तुला ताईचं सगळं सांगणार आहे, ती चिडायची कशी, हसायची कशी, खोटं बोलताना तिचा कुठला कान लाल व्हायचा. पण त्याआधी माझं एक काम कर. सकाळी तू माझ्या आधी ऊठ आणि मला उठव. हाक मारून उपयोग नाही, मला ऐकू येत नाही. खांद्याला धरून हलव. मी लगेच उठायची नाही, लाथाही मारीन. तू हलवत राहा.

तुझी
मावशी